राखुंडीचा रंग

जरा जवळ सरका. आणखी थोडं. दाराशी बसलेल्यांनीही पुढे यावं. ही गोष्ट भिंतीला टेकून ऐकायची नाही. टेकलं की डोळा लागतो, आणि मग मध्येच जाग येऊन ‘हा कोंबडा कुणाचा?’ असं शेजाऱ्याला विचारायची पाळी येते. मला ते परवडणार नाही, कारण याच प्रश्नावर आमच्या सोसायटीत पुष्कळ बोलणी झालेली आहेत. तर जवळ या, एक कथा सांगतो. तिच्यात कोंबड्या आहेत, कोंबडे आहेत, एक सेक्रेटरी आहे आणि माझी अब्रू आहे. यातली शेवटची वस्तू कथेच्या मध्यावर निघून जाते ती परत येत नाही. तिची वाट पाहू नये.

कथा मुळात अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते तिनंच. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, “तू मोठा होत होतास ना.” जणू ती पूर्णवेळची नोकरी होती. पुढे मी मोठा झालो असं जाहीर झालं, माझं लग्न झालं, आणि अक्का आमच्या मागच्या खोलीत राहू लागली. तिच्याजवळ दोनच वस्तू होत्या ज्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एक रेडिओ, कारण त्यावर संध्याकाळी कीर्तन लागे. दुसरी राखुंडी.

राखुंडी ही कोंबडी. पण तुमच्या डोळ्यांसमोर जी कोंबडी आली ती नव्हे. ही रेशमी जातीची. हिला पिसं असतात असं म्हणण्यापेक्षा पिंजलेला कापूस असतो असं म्हणावं. तो बाजूला केला तर आत कातडी काळीभोर. पायाला बोटं पाच, म्हणजे इतर कोंबड्यांपेक्षा एक जास्त. त्याचा उपयोग काय ते तिनं कधी कळू दिलं नाही. उडता येत नाही. डोक्यावरची शेंडी डोळ्यांवर उतरलेली, त्यामुळे मुद्रा कायम ध्यानस्थ. संध्याकाळी अक्का मागच्या व्हरांड्यात बुटक्या खुर्चीवर बसायची, रेडिओ लावायची आणि म्हणायची, “ये गं, जवळ ये.” राखुंडी तिच्या मांडीत येऊन बसायची. बुवांचं पालुपद आलं की अक्का अर्धी मात्रा मागून ते म्हणायची, आणि राखुंडी मान खाली घालून ऐकायची. निरूपण सुरू झालं की मात्र झोपायची. श्रोत्यांत असे पुष्कळ असतात, मी कुणाकडे बोट दाखवत नाही.

आता रंग. काळा नाही, पांढरा नाही. सकाळी विझलेल्या चुलीतली राख, आणि त्या राखेत कुठेतरी निळं धुकं. अक्काचे केस नेमके त्याच रंगाचे होते. लांबून पाहिलं तर वाटायचं, अक्काचे केसच मोकळे होऊन तिच्या मांडीत उतरलेत.

अक्का गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी तिचा त्यातल्या त्यात अलीकडचा फोटो मोठा करायला दिला. फोटोवाला भला माणूस. त्यानं कुणी न सांगता तिचे केस काळे करून दिले. म्हणाला, “बरं दिसतं. सगळ्यांचे करतो.” मूळ फोटो त्यानं केस नीट यावेत म्हणून खरडून खरडून खराब केलेला. तेव्हा भिंतीवर आहे ती काळ्याभोर केसांची एक बाई, जिला मी ओळखत नाही. अक्काचा खरा रंग या पृथ्वीवर एकाच जागी उरला होता, आणि ती जागा आमच्या अंगणात दाणे टिपत फिरत होती.

राखुंडी खाईना झाली तेव्हा तिला पशुवैद्य डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला उलटसुलट करून पाहिलं.

“आजार नाही. वय झालंय.”

“म्हणजे किती वेळ आहे?”

“असेल तितका. अंडी घालते का अजून?”

“मनात आलं तर.”

“मग मनात येतंय तोवर पिल्लं करून घ्या,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या कुत्र्याला हाक मारली.

मी तेवढंच धरून बसलो. राखुंडीला पिल्लं, पिल्लांना तिचा रंग. यात अवघड ते काय? वाटेत रंगवाल्याचं दुकान लागतं. हा आमचा समोरचा शेजारी; भिंतींचे रंग विकतो आणि सल्ला फुकट देतो, शिवाय सल्ल्याचा माल त्याच्याकडे कधी संपत नाही. त्याला बेत सांगितला, तर त्यानं रंगपट्ट्यांचं पुस्तक काढून राखुंडीच्या पाठीवर ठेवलं. अगदी जुळणारी पट्टी सापडली. तिच्या नावात पहाट आणि धुकं दोन्ही होती.

“हे बघा,” तो म्हणाला, “मागच्या खोलीची भिंतच रंगवून टाका या शेडनं. कोंबडी मरेल, भिंत मरत नाही.”

मोह झाला, खोटं का बोलू. भिंत रंगवली. ओली असताना अक्का होती. वाळल्यावर सरकारी दवाखाना झाला. बायकोनं दारात उभं राहून पाहिलं.

“अहो, भिंत काही मांडीत येऊन बसत नाही,” ती म्हणाली आणि आत गेली.

मग पुन्हा कोंबडीकडे वळलो. रंगवाला आपल्या शास्त्रावर ठाम होता. “काळ्यात पांढरा घातला की राखी. तुमची कोंबडी जरा गडदच आहे, तेव्हा तिला पांढरा लागणार. माझ्या मेहुण्याकडे आहे पांढरा रेशमी कोंबडा. चांगला घट्ट पांढरा. दोन हातांत भिंत झाकेल.”

मी मान डोलावली. माणसाला रंगाबद्दल विचारायचं तर रंगवाल्याला नाही तर कुणाला विचारायचं?

पण आमच्या सोसायटीत कोंबडा चालत नाही. कोंबडी चालते, कारण अक्कासमोर ‘नाही’ म्हणायची सेक्रेटरींची छाती झाली नव्हती. कोंबड्याला नगरपालिकेचा परवाना पाहिजे. आता मी स्वतः नगरपालिकेत, पाण्याच्या मीटरच्या तक्रारींच्या खिडकीत बसतो. परवान्याची खिडकी माझ्या खिडकीला लागून. तिथला कारकून आणि मी कित्येक वर्षं एका डब्यातून जेवतो. मी आपला आतल्या आत खुर्ची सरकवून म्हटलं, “जरा एक काम होतं.”

“रांगेत या,” तो म्हणाला.

मी बाहेर जाऊन रांगेत उभा राहिलो. माझ्याच खिडकीवर ‘कर्मचारी जागेवर नाही’ अशी पाटी लागलेली होती, आणि तिच्यासमोरचे लोक त्या कर्मचाऱ्याबद्दल जे बोलत होते ते मला बाहेरून पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. यथावकाश माझा नंबर आला.

“नाव?” त्यानं विचारलं.

“अरे, माझं नाव तुला माहीत नाही?”

“मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.” त्यानं लिहून घेतलं. “प्राणी?”

“कोंबडा. पाहुणा. काही काळापुरता.”

“घरच्या कोंबडीचा रंग?”

“राखी. निळसर.”

“पांढरा, काळा, तपकिरी, मिश्र. यातला बोल.”

“पण यातला नाहीच आहे तो. अक्काच्या केसांचा रंग तू पाहिलेला आहेस.”

त्यानं पेन थांबवलं. अक्काच्या हातचं त्यानंही खाल्लेलं. हळू आवाजात म्हणाला, “मिश्र टाकतो. वाईट वाटून घेऊ नकोस.” मग पुन्हा कारकून झाला. “कोंबडा आरवतो का? आरवत असेल तर परवाना नाही.”

“फार मवाळ आहे.”

त्यानं ‘मुका’ असं लिहिलं, शिक्का मारला, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बदनामीचा पाया त्या क्षणी घातला गेला.

पांढरा आला. दिसायला देखणा, जणू कुणी उशी उसवून सोडून दिली होती. दिवसभर खरोखरच गप्प. संध्याकाळी मी सवयीप्रमाणे अक्काच्या खुर्चीवर बसलो, रेडिओ लावला, राखुंडीला मांडीत घेतलं. बुवांनी वरचा सूर घेतला, मी पालुपद धरलं, आणि पांढऱ्यानं मान ताणून साथ दिली. रेशमी कोंबडा भारदस्त आरवत नाही. गंजलेल्या फाटकाला वेदना व्हाव्यात तसा तो आवाज असतो. पण असतो मोठा.

सेक्रेटरी खाली आलेच. एका हातात परवान्याची नक्कल.

“मुका आहे ना हा?”

“हो.”

“मग आत्ता कोण ओरडलं?”

समोर परवाना, मागे पांढरा, मांडीत राखुंडी. पांढरा परत गेला तर सगळंच संपलं. श्रोतेहो, माणसाला अशा वेळी एकच गोष्ट देता येते.

“मी,” म्हटलं. “पालुपद म्हणत होतो.”

मला वाटलं होतं, ते हसतील. निदान संशय घेतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सहानुभूतीनं मान हलवली आणि म्हणाले, “हं. मला वाटलंच.”

या ‘मला वाटलंच’नं मला जे लागलं ते अजून दुखतं. त्यानंतर पांढऱ्याचा मुक्काम होता तोवर रोज संध्याकाळी त्यानं आरवावं आणि मी खाकरून खिडकीत उभं राहावं, असं चाललं. सगळ्या सोसायटीनं ते निमूट मान्य केलं. फलकावर सूचना लागली: ‘भक्ती मनातल्या मनात करावी.’ वरच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्यासाठी खडीसाखर पाठवली. बायकोनं ती घेतली, आभार मानले आणि पदरात तोंड लपवलं. ती रडत नव्हती.

शेवटी राखुंडीच्या मनात आलं. तिनं अंडी घातली, त्यांच्यावर खुडूक बसली, आणि इतक्या वयातही अशी बसली की खुराड्याजवळ बोट नेलं तरी चोच मारी. मी पांढऱ्याला मानानं परत पाठवला. पुढे बरीचशी अंडी वाया गेली. दोनांतून पिल्लं निघाली.

एक पिल्लू कोळशासारखं काळं. दुसरं वाढत गेलं तसं मळकट पांढरं, आणि त्यावर इथेतिथे शाईचे शिंतोडे. राखी एकही नाही.

रंगवाला बराच वेळ वाकून बघत राहिला. “नीट ढवळलं गेलं नाही,” तो म्हणाला. “काळा एकीकडे राहिला, पांढरा एकीकडे.”

“त्या शिंतोड्यांचं काय?”

“ब्रश झटकलेला दिसतोय.”

मी त्या पिल्लांवर रागावलो होतो, हे सांगायला नको. बिचारी सुंदर होती. पण मी त्यांच्याकडे पाहायचो ते नापास मुलांकडे पाहावं तसं. राखुंडी मात्र त्या दोघांना पोटाखाली घेऊन बसायची, आणि तिच्या कापसातून एक काळं आणि एक शिंतोड्याचं डोकं बाहेर यायचं. काळं मी सेक्रेटरींना देऊन टाकलं. थोडा तह व्हावा हा हेतू. त्यांनी ते तळहातावर घेतलं, आणि तो सोसायटीचे नियम तोंडपाठ असलेला मनुष्य एकदम म्हणाला, “काय गं छकुले.” मी कानकोंडा झालो. ऐकू नये ते ऐकल्यासारखं वाटून मी जिना उतरलो. शिंतोडी कुणालाच नको होती, ती आमच्याकडे राहिली.

मग एका सकाळी राखुंडी खुर्चीखाली, रेडिओच्या बाजूला मिटून बसली होती ती उठलीच नाही. तिला मी अंगणाच्या कडेला पुरलं. माती सारखी केली तेव्हा बायको म्हणाली, “थोडी पिसं ठेवायची होती.” मी म्हटलं, “आता कशाला.” आणि दोघंही आत येऊन चहा प्यायलो. संध्याकाळी रेडिओ लावला. बुवा तेच, पालुपद तेच, खुर्ची तीच. मांडी नुसती जड लागत होती. रिकामी मांडी इतकी जड असते हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना राखुंडी गेल्याचं सांगायला गेलो, तेव्हा सगळी हकिगत निघाली. रंगवाल्याच्या शास्त्रापाशी त्यांनी मला थांबवलं.

“रंग डब्यासारखे मिसळत नाहीत हो,” त्या म्हणाल्या. “असं समजा, प्रत्येक पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन चिमट्या मिळतात. काही चिमट्या काळा रंग फिका करतात, काही करत नाहीत. फिकी एकही मिळाली नाही तर पिल्लू काळं. एक मिळाली तर तुमचा तो निळसर राखी. दोन्ही मिळाल्या तर रंग इतका पातळ होतो की नुसते शिंतोडे उरतात.”

“म्हणजे राखी हा...”

“राखी हा मधला रंग आहे. तो एकटा स्वतःला पुढे नेऊ शकत नाही. राखीला राखी मिळाला तरी निम्मी पिल्लं दुसरीच होतात.”

“आणि पांढरा?”

“तुमच्या त्या कोंबड्याचा पांढरा म्हणजे रंग नव्हे, चादर. पांढरी चादर पांघरून कोण झोपलंय ते वरून कळत नाही. पण काळं आणि शिंतोड्याचं अशी दोन्ही पिल्लं निघाली, म्हणजे त्या चादरीखाली राखीच होता.”

 बाईंना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. समजलं होतं. चादर म्हटल्यावर मला दवाखान्याची खोली आठवली होती. अक्काच्या अंगावरून पांढरी चादर डोक्यापर्यंत ओढलेली, आणि कडेतून एक राखी बट बाहेर राहिलेली. मी ती आत सारली नव्हती. मला वाटलं, असू दे, तेवढीच.

“पण तुम्ही रडवेले का होताय?” बाई म्हणाल्या. “काळ्याचा आणि शिंतोड्याचा जोडा लावा. काळ्याकडे द्यायला फिकी चिमटी नाहीच, शिंतोड्याकडे फिकीशिवाय दुसरी नाही. प्रत्येक पिल्लाला बरोबर एक. सगळी राखी. यात चुकायला जागाच नाही.”

मी खुर्चीवरून उठलोच. माझे दोन्ही नापास विद्यार्थी. राखुंडीनं आपला रंग दोघांत वाटून ठेवला होता, आणि त्यातला अर्धा मी सेक्रेटरींना भेट देऊन बसलो होतो.

“पण ती भावंडं आहेत,” मला मध्येच आठवलं. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेल्या माणसाला अशा गोष्टी टोचतात.

“पक्ष्यांत एखाद्या वेळी चालतं,” बाई म्हणाल्या. “आणि दोन्ही माद्या असल्या तर प्रश्नच मिटला. या जातीत नर की मादी ते लवकर कळत नाही.”

हा नवा घोर घेऊन मी घरी आलो. माझी शिंतोडी तर परवापासून अंडी घालायला लागली होती. वरची छकुली, नावाप्रमाणे पाहिलं तर, तीही मादीच. संध्याकाळी निराश होऊन रेडिओ लावला. बुवांनी वरचा सूर घेतला. आणि सेक्रेटरींच्या खिडकीतून, गंजलेल्या फाटकाला वेदना व्हाव्यात तसा एक आवाज आला.

मी जिना असा चढलो की अक्का असती तर ‘पडशील’ म्हणाली असती. सेक्रेटरींनी दार फटीइतकं उघडलं. चेहरा ताठ.

“आत्ता कोण ओरडलं?” मी विचारलं.

त्यांनी मागे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे.

“मी,” ते म्हणाले. “घसा साफ करत होतो.”

 मनात आलं, आपणही म्हणावं ‘मला वाटलंच’. जिभेच्या टोकावर होतं. पण दाराच्या फटीतून त्यांच्या पायांमधून एक काळी, कापसाळ शेंडी बाहेर डोकावली, आणि त्यांनी ती पायानं इतक्या हळुवार आत सारली की मला बोलवेना.

“सेक्रेटरी,” मी म्हटलं, “छकुलीला काही दिवस खाली पाठवाल का?”

“काय काम आहे?”

मी अक्काच्या केसांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सरळ सांगितलं. ते ऐकत राहिले.

“मला एकदा ओरडल्या होत्या त्या,” ते म्हणाले. “फलक वाकडा लावला म्हणून. मग स्वतः स्टुलावर चढून सरळ केला.” दार पुरतं उघडून म्हणाले, “घेऊन जा. पण नाव बदलायचं नाही.”

छकुली म्हणजे कोंबडा खाली आला. पुढची सगळी मुदत तो आरवला की मी खिडकीत येऊन खाकरायचो आणि वरून सेक्रेटरी आपल्या खिडकीत येऊन खाकरायचे. शेवटी रहिवाशांचा सह्यांचा अर्ज आला, की या दोघांनी मिळून गाणं बंद करावं. एकेकटे गायले तर सोसेल. सेक्रेटरींनी तो स्वतःच्या हातानं फलकावर लावला. सरळ लावला.

शिंतोडी खुडूक बसली. पिल्लं निघाली त्या दिवशी अंगणात रंगवाला, सेक्रेटरी, बायको आणि मी असे सगळे वाकून उभे होतो. आईच्या पोटाखालून एकेक बाहेर येत होतं. राखी. राखी. आणखी एक राखी. बायकोनं माझा दंड धरला. रंगवाल्यानं खिशातून पट्टी काढून लावून पाहिली आणि मान डोलावली. सगळ्यांत शेवटी एक पिवळसर आलं, जे पुढे पांढरंशुभ्र होत गेलं. आजोबांची चादर त्याच्यापर्यंत पोचली होती. रंगवाला म्हणाला, “हे एक बिघडलं. मेहुण्याला देऊन टाका.” मीही हो म्हटलं.

राखी पिल्लं मोठी झाली. अंगणात आता इतकी अक्का होती की पाहवत नसे. संध्याकाळी मी खुर्चीवर बसलो, रेडिओ लावला, आणि आयुष्यात कुणाला बोलावलं नसेल इतक्या आर्जवानं म्हटलं, “ये गं, जवळ ये.” ती सगळी कुंपणाशी जाऊन उकरत बसली. एकही वळलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तेच. रंग जसाच्या तसा होता. येणारं कुणी नव्हतं. मी पालुपद सोडून दिलं आणि बुवांना एकट्यालाच म्हणू दिलं.

तेव्हा पायाशी काहीतरी हललं. ते पांढरं होतं. मेहुणा न्यायला यायचा म्हणून टोपलीत ठेवलेलं, बाहेर पडलं असावं. त्या पांढरीला उडता येत नाही. ती माझ्या पावलावर चढली, घसरली, पुन्हा चढली. मी हात दिला. ती मांडीत आली, एक गिरकी घेतली, बसली आणि मान खाली घातली. मी अर्धी मात्रा मागून पालुपद धरलं. ती ऐकत राहिली. निरूपण आल्यावर झोपली.

दारात बायको टोपली घेऊन उभी होती. तिनं टोपली भिंतीवर टांगून ठेवली.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आईबापच तसे आहेत म्हटल्यावर चादरीखाली राखीच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. फक्त दिसणार नाही, कधीच. मी म्हटलं, चालेल.

तर झाली कथा. आता तुम्ही उठाल, चपला शोधाल, आपापल्या घरी जाल. एवढा वेळ जवळ बसलात तर एकच मागणं आहे. संध्याकाळी कुठे दूरवर रेडिओ लागला आणि कुणी अर्धी मात्रा मागून म्हणताना ऐकू आलं, तर क्षणभर माझ्या अक्काची आठवण काढा. आमच्याकडे आलात तर भिंतीवर तिचा फोटो दिसेल. त्यातल्या केसांकडे लक्ष देऊ नका.